गेम बनवणारे आणि आवाज देणारे कलाकार कन्व्हेन्शनला बोलावताय? या चुका टाळा

"दादा, त्यांनी डीएम सीन केलाय, म्हणजे येतायत. पोस्टर टाकू का?"

फॅन मीट आणि कॉलेज फेस्टचा हंगाम जवळ आला की असे फोन सुरू होतात. नका टाकू पोस्टर. 'सीन' म्हणजे त्यांनी मेसेज फक्त पाहिलाय, तो होकार नाही, आणि "नक्की प्रयत्न करतो" हाही होकार नाही. पुण्या-मुंबईकडच्या कार्यक्रमांत पाहुण्यांची बाजू मी बरीच वर्षं सांभाळतोय. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो, कारण त्यांची किंमत पाहुण्याला मोजावी लागते. न विचारता ज्याचं नाव छापलं, त्यालाच चाहते नंतर विचारतात, "तुम्ही आला का नाहीत?"

माझी पद्धत साधी आहे. तारीख, ठिकाण, मंचावर किती वेळ, सह्या-फोटोला किती वेळ, मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय एवढं सगळं एकाच मेलमध्ये लिहायचं. त्यावर लेखी होकार घ्यायचा. मग पोस्टर बनवून आधी त्यांनाच दाखवायचं. याला आठवडा लागतो. ज्यांना आठवडा थांबवत नाही, त्यांनी पाहुणे बोलावण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नये.

आधी ठरवा, बोलवायचंय कोणाला

"गेमिंग क्रिएटर हवाय" असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांच्या डोक्यात स्ट्रीमर असतो. स्ट्रीमर बोलवायला हरकत नाही, गर्दी तोच आणतो. पण गेम खेळून दाखवणारा वेगळा आणि गेम बनवणारा वेगळा. पुण्यात राहून हे माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायची त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली, तरी माणसं मागे हटली नाहीत. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. 'इंडस' हा गेम बनवणारं सुपरगेमिंगही पुण्याचंच. अशा टीममधल्या लेव्हल डिझायनरला किंवा अ‍ॅनिमेटरला कधी कोणी मंचावर बोलावत नाही. सगळ्यांना संस्थापकच हवा असतो. माझा अनुभव असा की गेममधल्या दालनाचं एक कोरीव दार खेळाडूच्या नजरेत भरावं म्हणून किती वेळा हलवलं, हे सांगणारा माणूस सभागृह जास्त धरून ठेवतो.

"तो डायलॉग म्हणा ना!"

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहितो.

एका कॉलेजच्या फेस्टला लहान मुलांच्या मालिकेत आवाज देणाऱ्या एक ताई आल्या होत्या. ठरलं होतं तासाभराच्या गप्पांचं. निवेदकाने मालिका पाहिलेली नव्हती, त्याच्या हातात एकच युक्ती होती: "अजून एकदा होऊन जाऊ दे!" पहिल्या दहा मिनिटांतच त्याने त्यांच्याकडून पात्राची किंकाळी तीनदा काढून घेतली. मग प्रेक्षकांत माइक फिरवला आणि प्रत्येक प्रश्न फर्माइशीवर येऊन थांबू लागला. मंचावरून उतरल्यावर मोबाइल पुढे करून रांग लागली: बहिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, मित्राला शिव्या, एकाला रिंगटोन. सगळं त्या पात्राच्या आवाजात. वरचा एसी थेट त्यांच्या डोक्यावर होता आणि टेबलावर फ्रिजमधल्या थंडगार पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांनी स्वतःचा थर्मास आणला होता. झाकणात ओतलेलं पाणी निवून गेलं तरी त्यांना घोट घ्यायला उसंत मिळाली नव्हती.

ग्रीन रूममध्ये मी विचारलं, "ताई, चहा सांगू?" त्यांनी नको म्हणून मान हलवली, वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि लिहिलं, "उद्या सकाळी नऊला डबिंग आहे." आवाज पार बसला होता. समितीतला मुलगा मात्र खुशीत येऊन सांगत होता की रील भारी झालं.

हे नीट समजून घ्या. पात्राचा आवाज हा त्या माणसाचा रोजचा आवाज नसतो. चढा, चिरका किंवा घोगरा आवाज काढताना घशावर ताण येतो. गेमच्या रेकॉर्डिंगमध्ये तर मार खाल्ल्याचे, पडल्याचे, मरतानाचे आवाज तासन्‌तास द्यावे लागतात. स्टुडिओत त्यांना 'एफर्ट्स' म्हणतात. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये व्हिडिओ गेम कलाकारांचा संप झाला, तेव्हा घसा ताणणाऱ्या रेकॉर्डिंगची वेळ चार तासांवरून दोन तासांवर आणा, ही त्यांची एक मागणी होती. स्टुडिओतल्या कामाला ही मर्यादा लागत असेल, तर तुमच्या मंचावर ती नको?

मी काय करतो ते सांगतो. पात्राच्या आवाजातली वाक्यं किती आणि कोणती, हे आधी फोनवर त्यांनाच विचारतो. बहुतेकदा एक सुरुवातीला, एक शेवटी. ती निवेदकाच्या कागदावर लिहिलेली असतात, त्यापलीकडे निवेदक मागत नाही. फिरता माइक मी देतच नाही. प्रश्न चिठ्ठ्यांवर गोळा करतो आणि फर्माइशीच्या चिठ्ठ्या बाजूला काढतो. चाहते नाराज होतील असं मुलं म्हणतात. होत नाहीत. "तुम्हाला हे काम पहिल्यांदा कसं मिळालं?" या एका प्रश्नावर अंधेरीच्या स्टुडिओंच्या ज्या गोष्टी निघतात, त्यापुढे किंकाळी कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाणी कोमट हवं की साधं, जेवण कार्यक्रमाच्या आधी की नंतर, एसीचा झोत कुठे येतो, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. निवेदक तर असाच निवडायचा, ज्याने तो गेम पूर्ण खेळलाय किंवा ती मालिका मनापासून पाहिलीय. आवाज मोठा आणि चेहरा हसरा, एवढ्यावर निवेदक ठरवू नका.

याच चुकीचा आणखी वाईट प्रकार म्हणजे प्रायोजक. "त्या कार्टूनच्या आवाजात आमच्या अ‍ॅपचं नाव घ्यायला लावा की." अजिबात नाही. पात्र कंपनीचं असतं. त्या आवाजात जाहिरात केली तर कलाकाराचं काम जाऊ शकतं. मंचावर सगळ्यांसमोर मागणी झाली की बिचाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून प्रायोजकाला आदल्या दिवशीच, आणि तेही लेखी, नाही सांगून टाका.

आवाज नक्की कोणाचा, हे तपासा

विकी बघून "अमक्याचा आवाज" असं छापू नका. 'टूम रेडर'ची नायिका लारा क्रॉफ्ट हिला १९९६ च्या पहिल्या गेममध्ये शेली ब्लाँडचा आवाज होता, २०१३ च्या गेममध्ये कॅमिला लडिंग्टनचा, आणि मधल्या काळात इतरही होत्या. मारिओचा आवाज कित्येक वर्षं चार्ल्स मार्टिनेट यांचा होता, २०२३ पासून केविन अफगाणी देतात. आपल्याकडे तर आणखी घोळ, कारण हिंदी डबमध्ये अनेकदा आवाज देणाऱ्यांची नावंच दाखवत नाहीत आणि एकाच पात्राचे आवाज मध्येच बदलतात. उपाय एकच: त्या व्यक्तीलाच विचारा, कोणत्या भाषेत, कोणत्या सीझनला, कोणत्या गेमला. ती सांगेल तेवढंच आणि तसंच छापा.

गेमवाल्याला टूर्नामेंटशेजारी बसवू नका

ही माझी दुसरी दुखरी नस. एका कार्यक्रमात दोन जणांची छोटी टीम स्वतःच्या खर्चाने आली होती. त्यांचं सत्र ठेवलं ई-स्पोर्ट्सच्या मंचाला लागून, आणि तेही बरोब्बर फायनलच्या वेळेला. मध्ये फक्त कापडी पडदा. पलीकडे कॉमेंटेटर बेंबीच्या देठापासून ओरडतोय आणि अलीकडे हा मुलगा पहिल्या ओळीतल्या लोकांकडे वाकून, पात्राची चाल हाताने कशी रंगवली ते सांगतोय. प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल पोचत नव्हती, म्हणून लॅपटॉप खुर्चीवर ठेवला होता. डेमोच्या टेबलापाशी एकच प्लग होता आणि त्यात आयोजकांच्या वॉकीटॉकीचे चार्जर लागलेले. जिथे लोकांनी गेम खेळून बघायचा, तिथे स्क्रीन काळी. वर्षानुवर्षं खपून बनवलेली गोष्ट दाखवायला आलेली माणसं दिवसभर एक्स्टेन्शन बोर्ड शोधत फिरली. निघताना त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, आणि मला मान वर करवेना.

बनवणाऱ्याला भाषणापेक्षा खेळणारी माणसं हवी असतात. नवखा खेळाडू कुठे अडतो, कुठे हसतो, कुठे कंट्रोलर खाली ठेवतो, हे बघायला तो आलेला असतो. तेव्हा त्याला द्यायचं ते असं: टूर्नामेंटपासून लांबचा कोपरा, त्याच्या एकट्यासाठी दोन प्लग, लांब केबल, जादा कंट्रोलर, दोन चांगले हेडफोन आणि ते पुसायला कापड. त्याला सांगून ठेवायचं की इंटरनेटवर विसंबू नको, ऑफलाइन चालणारं बिल्ड, म्हणजे गेमची तयार प्रत, आण. आणि टेबलाशी एक स्वयंसेवक उभा करायचा, म्हणजे त्याला जेवायला तरी जाता येतं. मी आदल्या संध्याकाळी हॉलवर जाऊन प्रत्येक प्लगमध्ये फोनचा चार्जर लावून बघतो. मुलं म्हणतात, इलेक्ट्रिशियन आहे ना. असू दे, मी बघतोच.

जे सांगता येत नाही ते विचारू नका

मोठ्या स्टुडिओतला माणूस गोपनीयतेच्या कराराने बांधलेला असतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. २०२२ मध्ये तो माँट्रियलला गेला. त्या काळात पुण्यात कुठल्याही गेमच्या कार्यक्रमाला गेलं की कोणीतरी "त्या रीमेकचं काय झालं?" असं विचारायचंच. समोरचा माणूस काय सांगणार? चुकून एक वाक्य निसटलं तरी नोकरीवर बेतेल. कोणत्या विषयावर बोलायचं नाही, ते त्यांच्याकडून आधी लिहून घ्या आणि तसा प्रश्न आला तर निवेदकाने स्वतः थांबवावं. पाहुण्याला "सॉरी, नाही सांगता येणार" असं म्हणायला लावू नका. मोठ्या कंपनीतल्या माणसाला तर पीआर विभागाची परवानगी लागते, त्याला महिना सहज जातो.

एआयने आवाज बनवून प्रोमो करू नका

"फक्त मजेसाठी" म्हणूनही नाही. अमेरिकेत जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर गेम कलाकार संपावर होते, ते मुख्यतः याच मुद्द्यावर. त्याच जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करण्याला मनाई केली. ज्याचा आवाज हेच ज्याचं पोट आहे, त्याला बोलावताना त्याच आवाजाची नक्कल करून जाहिरात करायची? असं केलेल्या कार्यक्रमात मी काम करत नाही.

तारखा

मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची जीडीसी ही गेम बनवणाऱ्यांची परिषद, ऑगस्टमध्ये कोलोनचं गेम्सकॉम हे गेमचं प्रदर्शन, नोव्हेंबरच्या सुमारास आपल्या देशातली तशीच परिषद आयजीडीसी. या आठवड्यांत गेमवाले मिळत नाहीत. गेम प्रकाशित व्हायच्या आधीच्या महिन्यात तर फोनही करू नका.

पहिल्याच वर्षी परदेशी पाहुणा

'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये आर्थर मॉर्गन साकारणारे रॉजर क्लार्क किंवा 'गॉड ऑफ वॉर'मधल्या क्रेटोसचे क्रिस्टोफर जज यांना बोलवायचं स्वप्न मलाही समजतं. पण त्यांच्यासारख्यांचं काम कन्व्हेन्शन एजंटमार्फत चालतं. तिकडे 'गॅरंटी' ठरते: सह्या-फोटोंतून तेवढी रक्कम जमली नाही तर फरक आयोजकाने भरायचा, जास्त जमली तर वरची कलाकाराची. शिवाय विमानाची तिकिटं, हॉटेल, दिवसभर सोबत राहणारा माणूस. मानधन घेऊन येणाऱ्याला पर्यटक व्हिसावर आणता येत नाही. परदेशी कलाकाराच्या मानधनावर २० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर कापावा लागतो. सीए न गाठता यात पडू नका. आणि "मी त्यांचा भारतातला मॅनेजर" असं सांगत टोकन मागणारा भेटला, तर कलाकाराच्या अधिकृत वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल करून खात्री होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.

सुरुवातीला व्हिडिओ कॉल करा ना. फक्त वेळ नीट लावा. हिवाळ्यात आपली रविवारची संध्याकाळ सहा म्हणजे लॉस एंजेलिसला पहाटेचे साडेचार. आपली रविवार सकाळ दहा ठेवली, तर तिकडे शनिवारची रात्र साडेआठ असते.

पैसे

"एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य मेलमध्ये लिहू नका. बजेट कमी असेल तर रक्कम सरळ सांगा. दोन हजार सांगितले म्हणून कोणी रागावत नाही. रक्कम लपवली की रागावतात, आणि बरोबर करतात. टीडीएस कापून हातात किती पडणार, कलाकाराची जीएसटी नोंदणी आहे का, इनव्हॉइस कोणाच्या नावाने हवं, हे होकाराच्या मेलमध्येच ठरवा. कॉलेजच्या अकाउंट्स विभागातून चेक निघायला तीन-तीन महिने लागतात, तेव्हा निम्मी रक्कम आधी द्या आणि उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी, पाहुणा गाडीत बसायच्या आत. टॅक्सीची, जेवणाची बिलं त्यांच्याकडून त्याच दिवशी घेऊन ठेवा. सत्राचं रेकॉर्डिंग कुठेही टाकण्याआधी त्यांना पाठवा आणि त्यांनी काढायला सांगितलेला भाग कारण न विचारता काढा.