शिवणाचा पसारा गुगल कीपमध्ये टाकला

कपाटात चार ब्लाउजपीस, एक अर्धवट झबलं, फॉल लावायच्या दोन साड्या, आणि मापं कुठे तर वाण्याच्या बिलामागे. एकदा तर घरात असताना परत तेच राणी कलरचं टू बाय टू (सुती कापड) अस्तर मीटरभर घेऊन आले! मग गुगल कीपमध्ये (फोनवर नोंदी ठेवायचं अ‍ॅप) प्रत्येक कपड्याची वेगळी नोट केली, कापडाचा उजेडात काढलेला फोटो, मापं, आणि खाली टिक करायची यादी, अस्तर भिजवलं, कटिंग, शिलाई, हुक. भिजवणं मुद्दाम पहिलं कारण कॉटनचं अस्तर नंतर आटलं की ब्लाउज मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढतो. जावेचं माप मात्र दरवेळी नवीन, तारीख टाकून (का ते विचारू नका). रिमाइंडर कार्याच्या आठ दिवस आधीचा लावते. झबलं अजून तसंच आहे, बाळ चालायला लागलं.