निळ्या रंगावर एक सेमिस्टर

इलेक्टिव्हची यादी समोर आली तेव्हा मी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. पदवीसाठी मानव्यविद्येचे चार क्रेडिट घ्यावेच लागणार होते. यादीत 'इतिहासाची ओळख', 'समाजशास्त्राची मूलतत्त्वं' अशी नेहमीची नावं होती आणि मध्येच एका ओळीत नुसतं 'निळा'. तास बुधवारी दुपारी होता, तेव्हा माझं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तो घेतला. आईने विचारलं, "म्हणजे चित्रकलेचा का?" मलाही नीट सांगता आलं नाही.

असे एकाच गोष्टीभोवती विणलेले कोर्स आता बऱ्याच ठिकाणी असतात. येल विद्यापीठात २०१८ साली 'चांगलं आयुष्य म्हणजे काय' हे मानसशास्त्रातून शिकवणाऱ्या कोर्सला सुमारे १,२०० विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं. हार्वर्डमध्ये स्वयंपाकातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणारा कोर्स २०१० पासून आहे आणि तिथल्याच इंग्रजी विभागाने २०२४ मध्ये टेलर स्विफ्टवर कोर्स घेतला. नावं ऐकून लोकांना वाटतं, हे सोपं असणार. मलाही तसंच वाटलं होतं. ज्यांना आता असा कोर्स निवडायचा आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहिते आहे.

पहिल्या तासाला मॅडमनी विचारलं, "समुद्र निळा का दिसतो?" सगळा वर्ग म्हणाला, आकाशाचं प्रतिबिंब. त्या म्हणाल्या, लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. मग १९२१ ची गोष्ट सांगितली. सी. व्ही. रामन बोटीने परतत होते, भूमध्य समुद्राचा गडद निळा त्यांना स्वस्थ बसू देईना. जवळच्या निकोल प्रिझममधून, म्हणजे परावर्तित चकाकी अडवू शकणाऱ्या स्फटिकातून, त्यांनी पृष्ठभागावरचं परावर्तन गाळून पाहिलं, तरी पाणी निळंच राहिलं. म्हणजे निळा पाण्यातूनच येत होता. त्या प्रश्नाच्या मागे लागत ते २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामापर्यंत (पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो) पोहोचले, १९३० मध्ये नोबेल मिळालं. आम्ही वहीत उत्तर लिहून घेतलं तोच मॅडम म्हणाल्या, हेही पुरतं उत्तर नाही. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, निळेपणात त्याचा वाटा मोठा आहे. त्या तासाला मी पहिल्यांदा वहीतली एक ओळ दोनदा खोडली.

पुढच्या आठवड्यात विषय भाषेचा. ग्लॅडस्टन पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, पण १८५८ मध्ये त्यांनी प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांतले रंग तपासले होते. समुद्र मद्याच्या रंगाचा आणि आपल्या 'निळा'ला नेमका शब्दच नाही, हे त्यांना खटकलं. पुढे १९६९ मध्ये बर्लिन आणि के या दोघा अभ्यासकांनी मांडलं की, भाषांमध्ये रंगांचे मूळ शब्द साधारण एका क्रमाने येतात आणि निळा बराच उशिरा येतो. त्यावर इतर अभ्यासकांनी घेतलेले आक्षेपही आम्ही वाचले. मग असाइनमेंट: रंगांचे वीस तुकडे ओळखीच्या पाच माणसांना दाखवायचे, नावं विचारायची आणि माणूस कुठे अडखळतो ते टिपायचं. बारा नंबरच्या तुकड्याला आजी लगेच "मोरपंखी" म्हणाली. वडील म्हणाले हिरवा. भावाने तो हातात फिरवला, खिडकीपाशी नेला, परत आणला आणि म्हणाला, "निळसरच लिही, पण नक्की नाही." मी तक्त्यात त्या रकान्यापुढे सेकंद लिहिले: चौदा. आकड्यांची सवय इथे उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो निळीच्या कुंडात कापड रंगवायचा दिवस. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती आधी रासायनिक रीतीने बदलावी लागते, तेव्हा कुठे द्रावण होतं आणि ते निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. मी सुती कापडाचा तुकडा बुडवला, काही मिनिटांनी वर काढला. रंग कच्च्या कैरीच्या सालीसारखा. मला वाटलं, काहीतरी चुकलं. तेवढ्यात कडेकडेने हिरवा गडद व्हायला लागला. घडीच्या आत, जिथे हवा पोहोचली नव्हती, तिथे पिवळट तसाच. घडी उलगडली आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत निळा झाला. हवेतला ऑक्सिजन लागला की धाग्यात अडकलेली नीळ परत निळी होते. हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. पण ते काय सांगतं हे त्या घडीने कळलं.

आता निबंधाबद्दल, कारण नवे विद्यार्थी इथेच अडकतात. पहिला निबंध मी झकास जमवला असं मला वाटत होतं: नीळ कुठे पिकायची, कोण विकायचं, कोणत्या साली काय झालं. गुण कमी आले आणि समासात एकच शेरा, "माहिती आहे, प्रश्न कुठे आहे?" मी दोन दिवस नाराज होते. मग मॅडमना भेटले. त्यांनी मला सगळ्या वाक्यांमधून असं एक शोधायला लावलं ज्याचं 'का' मला माहीत नव्हतं. सापडलं ते १८९७ चं होतं: जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ त्या वर्षी बाजारात आली. मला एवढंच माहीत होतं की त्यामुळे नैसर्गिक नीळ पडली. तोटा कोणाच्या अंगावर पडला, हे विचारलंच नव्हतं.

सेमिस्टरचा शेवटचा निबंध त्याच प्रश्नावर लिहिला. चंपारणमध्ये तीनकठिया पद्धत होती, कुळाने दर वीस कट्ठ्यांपैकी (कट्ठा हे तिथलं जमिनीचं माप) तीन कट्ठ्यांत नीळ लावायची. भाव पडल्यावर मळेवाल्यांना नीळ नकोशी झाली, पण तोटा सोसायची तयारी नव्हती. कुळाला या बंधनातून सोडायचं तर त्याने खंड वाढवून द्यायचा, असे करार झाले. म्हणजे प्रयोगशाळेतला शोध, बाजारभाव आणि शेतकऱ्याचा खंड एका दोरीत आले. गांधीजी १९१७ मध्ये तिथे गेले त्याची ही पार्श्वभूमी. शाळेत चंपारण मी शिकले होते, पण त्यात रसायनशास्त्र कुठेच नव्हतं.

तर निवडताना काय बघायचं? नाव बघू नका, आठवड्यांचं वेळापत्रक मागून घ्या. त्यात वाचनाची नेमकी यादी असली, तीही निदान दोन-तीन वेगवेगळ्या विद्याशाखांमधली, तर कोर्स भक्कम आहे असं समजायला हरकत नाही. विषयाचं नाव मोठं आणि आत नुसते चित्रपट आणि गटाची प्रेझेंटेशन्स असतील, तर मी थांबेन. गुण कशाला आहेत हेही बघा. लेखनाला मोठा वाटा असेल आणि पहिल्या निबंधावर शेरे घेऊन तो पुन्हा लिहायची मुभा असेल, तर मी तो कोर्स डोळे झाकून घेईन. आमच्याकडे आठवड्याला ऐंशी-नव्वद पानं वाचावी लागायची. ज्या सेमिस्टरला तुमच्या मुख्य विषयाचे प्रॅक्टिकल्स जास्त आहेत त्यात हे ओझं ओढू नका.

आणि ऑफिसात लेखी विचारून घ्या की हा कोर्स तुमच्या कोणत्या अटीत मोजला जाईल. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तोंडी होकारावर विश्वास ठेवला. शेवटच्या वर्षी त्याचे क्रेडिट नुसते जादाचे ठरले आणि त्याला उन्हाळ्यात दुसरा कोर्स करावा लागला. कोर्स बदलायची मुदत कधी संपते ती तारीखही लिहून ठेवा. पहिले दोन तास बसून बघा, मग ठरवा.

नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेवरचं 'निळा' बघून विचारतातच. मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा रंगांच्या तुकड्यांचा तक्ता आणि चौदा सेकंद सांगितले. पाहणी करताना उत्तराइतकंच अडखळणंही मोजता येतं, हे माझ्या कामाशी थेट जोडलेलं होतं.

तुमच्या कॉलेजात असा कोर्स नसेल, तर स्वतंत्र अभ्यासाची सोय आहे का ते विचारा. माझ्या मैत्रिणीला 'घड्याळ' हा विषय हवा होता. तिने एका पानावर चार प्रश्न लिहिले: रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ वेगळी का होती, समुद्रात रेखांश कळायला बिनचूक घड्याळ का लागायचं, १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखांशासाठी ग्रीनिचच का निवडलं आणि कारखान्यात भोंगा कोणाच्या घड्याळाने वाजायचा. ते पान घेऊन ती इतिहासाच्या सरांकडे गेली, तिथून भौतिकशास्त्राच्या. दोघांनी मिळून तिला दोन क्रेडिटचा अभ्यास मंजूर करून दिला. दर शुक्रवारी एक तास, तिघंच जण, सरांच्या खोलीत.