सांडपाणी शेवटी कुठं जाणार? काळ्या मातीतल्या गावासाठी शोषखड्डा, नाली आणि ग्रामपंचायतीची कामं

विदर्भातल्या बहुतेक गावांत भुयारी गटार नाही. आहे ती रस्त्याच्या कडेची नाली, आणि ती गावाबाहेरच्या नाल्यात, बोडीत नाहीतर कोणाच्या तरी धुऱ्यावर जाऊन संपते. म्हणून मोरीचा पाईप टाकण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हे पाणी शेवटी कुठं जिरणार? ते न ठरवता बांधलेली नाली म्हणजे आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायची सोय.

घरातून दोन तऱ्हेचं पाणी निघतं. न्हाणी, कपडे, भांडी यांचं सांडपाणी आणि संडासातलं मैलापाणी. या दोहोंची वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवायची. सांडपाणी संडासाच्या खड्ड्यात सोडलं तर खड्डा काही महिन्यांत तुंबतो. मैलापाणी नालीत सोडलं तर अख्ख्या गल्लीला रोगराई.

आधी हिशोब

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येतं आणि त्यातलं साधारण २०० लिटर सांडपाणी होऊन निघतं. आता नेहमीचा १ मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घ्या. तळ लवकरच गाळानं बंद होतो, तो हिशोबात धरायचा नाही. उरल्या चार भिंती, म्हणजे ४ चौरस मीटर. वाळूची जमीन दीर्घकाळ रोज चौरस मीटरमागे ५० लिटरपर्यंत पाणी पिते, पोयटा ३० लिटर, आणि घट्ट चिकणमाती जेमतेम १०. म्हणजे तोच खड्डा वाळूत २०० लिटर जिरवतो, काळ्या मातीत ४०. बाकीचे १६० लिटर रस्त्यावर. वऱ्हाडात दोन पावसाळ्यांत शोषखड्डे डबके होतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा या गुणाकारात सापडतं. मिस्त्रीला उगाच दोष.

जमीन किती पाणी पिते ते घरीच पाहता येतं. खड्डा जितका खोल करायचा तितक्या खोलीवर एक फूट रुंदीचं भोक पाडा, पाण्यानं भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी तळापासून सहा इंच पाणी राहील असं करा, काठी रोवून खूण करा आणि पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटं लागली तर लांब चर खोदा. त्याहून जास्त लागली तर ती जमीन पाणी घेणार नाही, दुसरी वाट शोधा. ही चाचणी मे महिन्यात कोरड्या जमिनीवर करू नका. काळ्या मातीला तेव्हा भेगा पडलेल्या असतात, बादलीभर पाणी क्षणात गिळतात आणि निकाल खोटा येतो. श्रावणात तीच माती फुगून भेगा बंद करते. रात्रभर भिजवायचं ते यासाठीच.

खड्डा घेताना

काळ्या थराखाली मुरूम लागतो का, ते आधी सब्बलीनं तपासा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर खड्डा तिथपर्यंत न्या, अर्धं काम तिथंच झालं. ओल्या चिकण मातीत खोदू नका. फावड्यानं भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि तिची छिद्रं बुजतात. जेसीबीनं खोदलं तर हे आणखी होतं. खोदून झाल्यावर भिंती सब्बलीनं खरवडून घ्या.

भरताना तळाशी मोठे दगड, मधे मध्यम, वर बारीक गिट्टी. काळ्या मातीत भिंत आणि दगड यांच्यामध्ये चारही बाजूंनी फूटभर वाळू किंवा चुरी टाका. ती नसेल तर फुगलेली माती दगडांच्या फटींत शिरते आणि खड्डा आतून चोंदतो. वर जुनं पोतं किंवा प्लास्टिक टाकून मातीचा थर द्या, म्हणजे डास आत शिरणार नाहीत.

खड्ड्याआधी गाळकुंडी हवीच. ती वाचवणारे वर्षभरात खड्डा पुन्हा उकरतात. दीड फूट लांब, रुंद, खोल अशी सिमेंटची कुंडी पुरते. आत येणारा पाईप बाहेर जाणाऱ्या पाईपापेक्षा दोन इंच वर ठेवा. बाहेरच्या तोंडाला टी बसवून तिचं खालचं टोक पाण्यात सहा इंच बुडेल असं करा, म्हणजे तेलकट साय आणि केस कुंडीतच राहतात. भांडी राखेनं घासायची सवय असेल तर कुंडी आठवड्याला काढावी लागेल, कारण राख दगडांच्या फटींत सिमेंटासारखी बसते.

जमीन अजिबातच पाणी घेत नसेल तर खड्ड्याचा नाद सोडा. दोन फूट खोल चर खोदा, त्यात गिट्टी आणि वर माती घाला, कडेनं केळी, अळू, कर्दळ लावा. काही पाणी जमिनीत, काही पानांवाटे हवेत. मात्र हिशोब इथंही लागतो: दोन फुटी चराच्या दोन्ही भिंती धरून २०० लिटरला सुमारे ५५ फूट लांबी लागते. परसात तेवढी जागा नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून करा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात साबणाच्या पाण्यानं जमीन आणखी चोपण होते. तिथं एकाच जागी वर्षानुवर्षं पाणी सोडू नका, चर बदलत जा.

संडासाचे खड्डे

पाच माणसांना सुमारे ३ फूट व्यास आणि ४ फूट खोलीचे दोन खड्डे, मधे किमान खोलीइतकं अंतर. भिंतीला विटांची जाळी, तळ मातीचाच. एक भरला की चेंबरमधला मार्ग बदलून तो दीड ते दोन वर्षं बंद ठेवायचा. मग आत कोरडं, वास नसलेलं खत राहतं. काळ्या मातीत इथंही बाहेरून फूटभर वाळू-गिट्टीचं वेष्टण लागतं. विहीर, बोअर, हातपंप यांच्यापासून किमान १० मीटर दूर राहा, आणि पावसाळ्यातलं भूजल खड्ड्याच्या तळापासून २ मीटर खाली असलं पाहिजे. भंडारा, गोंदियाच्या धानपट्ट्यात हे अनेकदा जमत नाही. तिथं खड्डे उथळ घेऊन जमिनीवर उचला आणि भोवती मातीचा भराव द्या.

सेप्टिक टँक बांधला असेल तर त्याचं पाणी उघड्या नालीत नको. टाक्यात मैला नुसता खाली बसतो, जंतू पाण्यात तसेच राहतात. त्यासाठीही शोषखड्डा पाहिजे. टाक्याच्या हवेच्या पाईपाला वर बारीक जाळी बांधा. क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो आणि हत्तीपायाचा प्रसार त्याच्यामार्फत होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत तो रोग नवखा नाही.

टाकं दोन-तीन वर्षांनी उपसावं लागतं. ते माणसाला आत उतरवून करायचं नाही. आतल्या वायूनं माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाक्यात उतरवणं हा गुन्हा आहे: पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळच्या नगरपरिषदेची किंवा खाजगी उपसा गाडी बोलवा, आणि गाळ कुठं टाकणार ते गाडीवाल्याला आधी विचारा.

ग्रामपंचायतीत काय करायचं

नाल्या बांधणं आणि साफ ठेवणं हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं पंचायतीच्या कामांत येतं. घरपट्टीच्या बिलात स्वच्छता कर आकारला जातो तो याच खात्यावर. गावाच्या नालीला पाईप जोडायचा असेल तर लेखी अर्ज द्या. सोबत नमुना ८ चा उतारा, कराची पावती आणि पाईप कुठून कुठं जाणार याचा हातानं काढलेला नकाशा लावा. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या प्रत्येक तक्रारीला तोच आधार. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा असेल तर फोडण्याची परवानगी त्यांच्याकडून. चर बुजवून रस्ता होता तसा करून देणंही तुमच्याकडे.

नवीन नाली होत असेल तर काँक्रीट ओतण्याआधी उतार तपासा. दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतार ठीक. पारदर्शक लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून दोन टोकांची उंची मोजायला अर्धा तास लागतो. एकदा काँक्रीट वाळलं की उलट्या उताराची नाली फोडल्याशिवाय सुधारत नाही. ढापे उचलता येतील असेच मागा. सिमेंटनं चिकटवलेला ढापा पहिल्या गाळातच निकामी.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्यापुढच्या गावाला माणशी ६६० रुपये अशी कमाल मर्यादा ठरली. १,२०० वस्तीच्या गावाला ३ लाख ३६ हजार. त्यातला ३० टक्के भाग १५व्या वित्त आयोगातून धरला होता. काम पंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ या विकास आराखड्यात नसेल तर पैसा येत नाही, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात शब्दशः उतरला का ते वाचून घ्या. नुसतं ‘नाली बांधकाम’ असं लिहू देऊ नका. नाली कुठून सुरू, कुठं संपणार आणि शेवटी सामूहिक शोषखड्डा की दुसरं काही, हे लिहून घ्या. खर्च झाला का ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं.

शेजाऱ्याचं पाणी दारात येत असेल तर भांडणाआधी पंचायतीला अर्ज द्या, उत्तर नाही आलं तर गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. त्यानंही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या संहितेत हेच कलम १३३ होतं. सोबत फोटो, पाणी वाहतं त्या जागेचा नकाशा आणि आवक क्रमांकाच्या प्रती जोडा.

मृग लागण्याआधी गाळकुंडी रिकामी करा, नालीतला गाळ काढून काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलून न्या, नाहीतर पहिल्या सरीत तो परत नालीतच जातो. खड्ड्यावर पाणी उभं राहायला लागलं तर वरची बारीक गिट्टी काढून धुऊन पुन्हा भरा. बहुतेक वेळा चोंदलेला थर वरच्या फूटभरातच असतो.