सिम असेसमेंटचं बोलावणं आलंय? आधी आकडे पाठ करा

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात असतं, लेखी परीक्षा आणि सायकोमेट्रिक पार पडलेलं असतं, आणि एक दिवस मेल येतो की अमुक तारखेला एअरलाइनची सिम्युलेटर असेसमेंट, म्हणजे नकली कॉकपिटमध्ये उडवून दाखवायची निवड-परीक्षा, आहे. मेल वाचल्या वाचल्या बहुतेक जण गुरुग्राम, बेंगळुरू किंवा हैदराबादला सिमचे तास विकत घ्यायच्या मागे लागतात. आईवडिलांनी आधीच कर्ज काढलेलं असतं, त्यात ही भर. मी हे सगळं करून एअरलाइनमध्ये लागलो. त्यानंतर बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूरकडून आलेल्या बऱ्याच ज्युनियरांची तयारी घरी बसून करून घेतली. माझं मत सांगतो: परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी एक सेशन घ्या, जमल्यास दुसरं. बाकीची तयारी खुर्चीत बसून होते, आणि ती झालेली नसेल तर सिममधले महागडे तास नुसते घाम गाळण्यात जातात.

असेसर काय बघतो, ते आधी समजून घ्या. तुमच्या लॉगबुकात दोनशे-सव्वादोनशे तास आहेत आणि तेही सेस्नासारख्या विमानावर, हे त्याला ठाऊक असतं. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ तुम्हाला उडवता येत नाही हे गृहीतच आहे, ते टाइप रेटिंगमध्ये (त्या विमानाच्या खास प्रशिक्षणात) शिकवतात. तो बघतो की तुमचा इन्स्ट्रुमेंट स्कॅन (सगळ्या काट्यांवरून नजर फिरत राहणं) जिवंत आहे का, उंची १०० फूट सुटली तर ती तुमच्या लक्षात येते का, आणि एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वेळी सुधारून दिसते का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पहिली स्टीप टर्न (४५ अंश कललेलं वळण) वाकडी गेली आणि दुसरी बरी आली, तर बहुतेक असेसर खूश असतात.

आता आकडे. जेटमध्ये वेगाचा काटा बघून वेग धरता येत नाही, कारण विमान जड असतं आणि इंजिन प्रतिसाद द्यायला वेळ घेतं. म्हणून अमुक पिच (नाकाचा कोन), अमुक थ्रस्ट (इंजिनाचा जोर) लावायचा आणि थांबायचं. ७३७ च्या नव्या पिढीचं उदाहरण घ्या. २५० नॉटला सरळ, समतल उड्डाणात नाक साधारण ५ अंश वर आणि एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग) ६० टक्क्यांच्या आसपास. २१० नॉटला ६ अंश आणि ५५ टक्के. लँडिंग फ्लॅप लावून ग्लाइडस्लोपवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या ठरलेल्या उतारावर) उतरताना अडीच अंश आणि पुन्हा ५५ टक्क्यांच्या आसपास. वजनाप्रमाणे हे थोडे इकडेतिकडे होतात. एअरलाइन बहुतेक वेळा ब्रीफिंगच्या कागदावर स्वतःचा तक्ता देते, तो आला की माझे आकडे विसरा आणि तो पाठ करा. दिला नाही तर ब्रीफिंगमध्ये विचारा. विचारल्याने मार्क जात नाहीत, उलट तुम्ही कशा पद्धतीने उडवणार आहात हे समोरच्याला कळतं.

पाठ म्हणजे कसे? झोपेतून उठवून "२१० नॉट, समतल" म्हटलं की "सहा, पंचावन्न" तोंडातून यायला हवं. मी कॉकपिटचं पोस्टर भिंतीला लावून त्याच्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकायचो. हात हलवत, मोठ्याने बोलत, सगळी फ्लाइट टेकऑफपासून लँडिंगपर्यंत. घरचे आधी हसतात, मग सवय होते.

डोक्यातलं गणितही असंच बसलं पाहिजे. ३ अंशांच्या उताराला खाली येण्याचा दर म्हणजे ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग, नॉटमध्ये) गुणिले ५. १४० नॉट असतील तर मिनिटाला ७०० फूट. किती आधी उतरायला लागायचं? जेवढे हजार फूट सोडायचे त्याच्या तिप्पट मैल. १०,००० वरून ३,००० ला यायचंय म्हणजे २१ मैल, आणि वाटेत २५० चे २१० नॉट करायचे असतील तर दर १० नॉटला आणखी एक मैल धरा, म्हणजे २५. लेव्हल-ऑफ करताना चढण्याच्या दराचे दहा टक्के आधी नाक खाली आणायला सुरुवात करायची: १,५०० फुटांचा दर असेल तर १५० फूट आधी. यात अवघड काहीच नाही. पण हात विमानात गुंतलेले असताना पाढे म्हणता आले पाहिजेत, म्हणून जिना चढता-उतरताना सराव करा.

कोणतं विमान आहे ते मेलमध्ये नीट वाचा, कारण त्यावर हाताची सवय ठरते. ७३७ मध्ये इंजिनं पंखाखाली असल्याने थ्रस्ट वाढवला की नाक वर जातं, कमी केला की खाली. थ्रस्ट हलवला की नाक धरायचं आणि ट्रिम करायचं (नाक तिथेच राहील असं सेट करायचं), हे एकाच हालचालीत व्हायला हवं. ए-३२० मध्ये नॉर्मल लॉ (कॉम्प्युटरचा नेहमीचा मोड) चालू असताना ट्रिम विमान स्वतः करतं. तिथे साइडस्टिक थोडी हलवायची आणि सोडून द्यायची. सेस्नाची सवय असलेला माणूस स्टिक घट्ट धरून सारखी ढवळत राहतो आणि विमान डोलायला लागतं. आणखी एक: ३३ अंशांपर्यंतच्या बँकमध्ये (बाजूला कलण्यात) ते स्वतः उंची सांभाळतं, त्यापुढे नाही. ४५ अंशांच्या स्टीप टर्नमध्ये स्टिक बाजूला दाबून धरावी लागते आणि मागेही ओढावी लागते. सोडली तर विमान ३३ वर परत येतं.

होल्डिंगला, म्हणजे एका ठिकाणी लांबट चकरा मारत थांबण्याला, सगळे घाबरतात. एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. व्हीओआरवर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर) होल्ड आहे, इनबाउंड कोर्स (त्याच्याकडे येण्याची दिशा) २७०, उजवी वळणं. तुम्ही ०४० हेडिंगने (नाकाच्या दिशेने) व्हीओआरकडे येताय. आउटबाउंड (दूर जाण्याची दिशा) म्हणजे ०९०, तो नाकाच्या उजवीकडे ५० अंशांवर. होल्डमध्ये शिरायच्या (एंट्रीच्या) तीन पद्धती आहेत: उजव्या होल्डमध्ये आउटबाउंड नाकाच्या उजवीकडे ७० अंशांच्या आत असेल तर टिअरड्रॉप, डावीकडे ११० अंशांच्या आत असेल तर पॅरलल, आणि उरलेल्या अर्ध्या भागात असेल तर डायरेक्ट. म्हणजे आपली एंट्री टिअरड्रॉप. व्हीओआर ओलांडल्यावर ०६० हेडिंग घ्या, उंची १४,००० फुटांपर्यंत असेल तर एक मिनिट जा, मग उजवीकडे वळून २७० पकडा. उत्तरेचा वारा असेल आणि इनबाउंडला ५ अंश उजवीकडे, म्हणजे २७५, धरावे लागत असतील, तर आउटबाउंडला त्याच्या तिप्पट, १५ अंश, वाऱ्याच्या दिशेने: हेडिंग ०७५. असे दहा-बारा होल्ड रोज संध्याकाळी कागदावर काढले की आठवड्याभरात कागद लागत नाही. एंट्री पाच अंशांनी इकडेतिकडे झाली म्हणून कोणी नापास होत नाही. व्हीओआरवर पोचल्यावर विचार करायला लागलेला माणूस मात्र लगेच कळतो.

रॉ डेटा आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ सिग्नलच्या नुसत्या सुया बघून उतरताना, सगळं एकत्र येतं. फ्लाइट डायरेक्टर (स्क्रीनवर दिशा सुचवणाऱ्या रेषा) बंद, ऑटोथ्रस्ट बंद. लोकलायझर (धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा सिग्नल) व्हीओआरच्या सुईपेक्षा कितीतरी नाजूक असतो: व्हीओआर कडेला जायला १० अंश लागतात, लोकलायझरला जेमतेम अडीच. म्हणून सुईच्या मागे पळायचं नाही. हेडिंग निवडायचं, धरायचं, सुई काय करते ते बघायचं, आणि दुरुस्ती ५ अंशांच्या आत ठेवायची. इथे एक ठरावीक गडबड होते. ग्लाइडस्लोपच्या थोडे वर आहात म्हणून नाक खाली करता, वेग वाढतो, थ्रस्ट पार मागे ओढता. अर्ध्या मिनिटाने सुई मध्ये येते, पण वेग घसरत असतो आणि इंजिनं खालच्या आकड्यावर झोपलेली असतात. थ्रस्ट दोन-तीन टक्क्यांनीच हलवायचा आणि पाठ असलेल्या आकड्यावर परत आणायचा. १,००० फुटांवर विमान स्थिर नसेल तर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं). ढगात ही मर्यादा बहुतेक एअरलाइन्समध्ये हीच असते, आणि वेळेवर म्हटलेला गो-अराउंड रेटून केलेल्या लँडिंगपेक्षा नेहमी जास्त मार्क मिळवतो.

आता जरा आपल्या लोकांबद्दल. लहानपणापासून "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" ऐकलेलं असतं, आणि ते कॉकपिटमध्ये नडतं. तुमची पाळी संपली की तुम्ही पायलट मॉनिटरिंग (उडवणाऱ्यावर लक्ष ठेवणारा) असता आणि असेसर तेव्हाही लिहीत असतो. शेजारचा उमेदवार ३०० फूट खाली गेला आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर दोघांचे मार्क जातात. शेजारी कॅप्टन स्वतः बसले असतील तर ते मुद्दाम चूक करून बघतात. "सर, प्लीज..." अशी सुरुवात करायची नसते. "स्पीड", "अल्टिट्यूड", एवढंच, स्पष्ट आवाजात. यासाठी एक सोबती शोधा, शक्यतो मराठी न बोलणारा, म्हणजे इंग्रजीत कॉलआउट देण्याची जीभ सैल होते. रेडिओवर घोगऱ्या आवाजात पुटपुटणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत.

कधीकधी शेवटी एखादं इंजिन बंद करतात. तिथे फक्त विमान सरळ ठेवा, रडर पायाने द्या, आणि चेकलिस्टची घाई करू नका.

सेंटर दुसऱ्या शहरात असेल तर आदल्या दिवशी पोचा. स्लॉट रात्री दोनचाही मिळतो, कारण सिम चोवीस तास चालतं, तेव्हा झोपेचं गणित आठवडाभर आधी बदला. आत थंडी असते, स्वेटर न्या. लॉगबुक, लायसन्स, मेडिकल एका फाइलमध्ये.

बाहेर आल्यावर कॅप्टन विचारतात, "कसं झालं?" "ठीक होतं, सर" हे उत्तर देऊ नका. पहिल्या स्टीप टर्नला २०० फूट गेले, स्कॅनमधून अल्टिमीटर सुटला होता, दुसऱ्या वेळी आधी नाक धरलं म्हणून ५० फुटांत राहिलो, असं सांगा. त्यांच्या कागदावर ते आकडे आधीच लिहिलेले असतात. तुमचे त्यांच्याशी जुळतात का, एवढंच त्यांना बघायचं असतं.