लहान शहरातील नळाचे पाणी: दोष नेमका कोठे शिरतो, हे कसे शोधावे

पाणी नितळ दिसते आणि त्याला वासही नाही, एवढ्यावरून ते पिण्यायोग्य ठरत नाही, कारण रोगजंतू, नायट्रेट, आर्सेनिक आणि फ्लोराइड यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. उगम, शुद्धीकरण केंद्र, जलवाहिनी आणि घरची टाकी यांपैकी कोठेही दोष शिरू शकतो. म्हणून तपासणी अशी करावी की दोषाची जागाही कळेल.

प्रथम पाणी कोठून येते ते विचारून घ्यावे. नदी किंवा तलावाच्या पाण्यात, विशेषतः पावसाच्या दिवसांत, गढूळपणा आणि जंतू यांची धास्ती अधिक असते. खोल कूपनलिकेच्या पाण्यात खडकांतून विरघळलेले फ्लोराइड वा आर्सेनिक असू शकते, तर उथळ विहिरीत शेतातील खते आणि शोषखड्डे यांमुळे नायट्रेट उतरते.

त्यानंतर क्लोरीन तपासावे. बाकी काही जमले नाही तरी ही चाचणी करावीच, असे मला वाटते. टाकीत पडण्यापूर्वीचे पाणी तपासणी-संचातील नळीत घेऊन त्यात डीपीडी या रसायनाची गोळी विरघळवली की क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी होते, आणि संचातील रंगपट्टीशी ताडून त्याचे प्रमाण कळते. नळापर्यंत पोहोचताना ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. हीच चाचणी लगेच टाकीनंतरच्या नळावर करावी. पहिली नळी गुलाबी आणि दुसरी रंगहीन राहिली, तर आधी टाकी उपसून, घासून धुवावी. दोन्ही रंगहीन राहिल्या, तर मात्र पुरवठ्याकडेच पाहावे लागते. पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर मधल्या काळात वाहिनीतील दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये.

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन असते, त्यामुळे ती विसळू नये. नळाची जाळी काढून तोंड स्पिरिटने पुसावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरावी, वर थोडी जागा ठेवावी आणि ती बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोहोचवावी. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, अजिबात आढळता कामा नयेत. शिसे या विषारी धातूच्या तपासणीसाठी पद्धत नेमकी उलटी: रात्रभर नळात साचलेले पहाटेचे पहिलेच पाणी घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरला नायट्रेट ५०, फ्लोराइड १.५ आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम अशा आहेत. जंतू आढळल्यास पाणी खळखळून उकळावे. पण नायट्रेट जास्त असलेले पाणी उकळून तान्ह्या बाळाला मुळीच देऊ नये, कारण वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. अशा वेळी तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणीच आणावे.

अहवाल हाती आल्यावर त्याची प्रत लेखी तक्रारीसह पाणीपुरवठा विभागाला द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रारीत नमुन्याची जागा, तारीख, वेळ आणि दोन्ही नळांवरचे क्लोरीन अवश्य लिहावे. शेजारच्या दोन-तीन घरांच्या नोंदी जोडल्या, तर वाहिनीचा कोणता भाग उकरून पाहायचा, हे ठरवणे सोपे जाते.