रेकॉर्डचं जड पार्सल परदेशी पाठवताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी सांगलीहून जर्मनीला 18 एलपी, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्ड, एकाच खोक्यात पाठवल्या. बबल रॅप भरपूर, टेप भरपूर. ग्राहकाचे फोटो आले तेव्हा सगळ्या तबकड्या धड होत्या, पण 11 कव्हरं वरच्या जोडावर उसवलेली. माझ्या मते रेकॉर्ड पाठवणाऱ्यांची सर्वात महागात पडणारी चूक हीच, कारण संग्राहक निम्मे पैसे कव्हराचे देतो.

होतं असं, की खोकं कडेवर आपटलं की आतली प्रत्येक तबकडी घसरते आणि तिची कड पातीसारखी कव्हराच्या जोडावर बसते. जड पार्सलला मार बाहेरून लागतो तेवढाच आतूनही. म्हणून तबकडी आतल्या कागदासकट बाहेर काढा, कव्हराच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कंपनीचं सील असेल तर फोडण्याआधी ग्राहकाला जरूर विचारा. मग दोन्ही बाजूंना कव्हरापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे लावा, एका पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही एकाच दिशेने लावले तर गठ्ठा त्याच रेषेवर वाकतो. गठ्ठा आतल्या खोक्यात उभा आणि घट्ट बसवा. ते खोकं बाहेरच्या पाच प्लायच्या खोक्यात ठेवून सगळीकडून पाच सेंटीमीटर भरण घाला. हलवून बघा. आत काही सरकलं, तर पुन्हा उघडा.

आपल्याकडे बेदाण्याची रिकामी खोकी सहज मिळतात, पण ती वापरू नका. साखरेचा चिकटपणा आणि वास कव्हराला लागतो. शिवाय ऑस्ट्रेलियासारख्या देशात फळांची वापरलेली खोकी, पेंढा, गवत जैवसुरक्षा तपासणीत अडकतं.

वजनाचा हिशेबही बऱ्याच जणांचा चुकतो. कव्हरासह एक एलपी साधारण पाव किलो, म्हणजे 18 चे साडेचार किलो. पण 40×40×30 सेंटीमीटरचं खोकं घेतलं तर बरेच कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार 5000 ने भागून 9.6 किलोचे पैसे लावतात. खोकं निवडण्याआधीच गणित करा, मगच ग्राहकाला दर सांगा. मी आता दहाच्या वर रेकॉर्ड एका खोक्यात घालत नाही. पार्सलं दोन झाली तर थोडा खर्च वाढतो, तो मला परवडतो.

कागदपत्रांत ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या पुढे जात नाही, आणि अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या मालावरची आयात करसूटही काढून टाकली आहे. धंदा म्हणून पाठवत असाल तर आयईसी क्रमांक (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढा, मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक) 8523 ने सुरू होतो. टपालाने पाठवायचं तर डाकघर निर्यात केंद्रातून निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं.

जुन्या लाखेच्या रेकॉर्डबाबत जास्त जपा. त्या वाकत नाहीत, थेट फुटतात. आणि आपल्याच नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांनी तर शंभरी ओलांडली आहे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवायला 1972 च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. विक्रीला लावण्याआधीच लेबल तपासा.

एवढं करूनही तक्रार आली, तर आधी खोक्याच्या सगळ्या कोपऱ्यांचे फोटो मागा. कोपरा चेपलेला असेल तर बाहेरचं भरण कमी पडलंय. कोपरे शाबूत आणि कव्हर फाटलेलं, तर तबकडी कव्हराच्या आतच राहिली होती. कोपरेही शाबूत, कव्हरही शाबूत आणि रेकॉर्डला बाक, तर वाटेत ऊन लागलंय. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत पडून राहिलेल्या पार्सलचं हे नेहमीचं दुखणं. त्या दोन महिन्यांत मी ग्राहकाला सरळ जूनपर्यंत थांबायची विनंती करतो, आणि बहुतेक जण थांबतात.