कांचीपुरम: सकाळी गोपुरं, दुपारी साड्या

आमच्या नाशिकमधून चेन्नईला जाणारे बरेच जण कांचीपुरम अर्ध्या दिवसात उरकतात आणि वर म्हणतात की तिथं काही नाही, नुसती दुकानं. चूक त्यांच्या टाइमटेबलची आहे. तिथली देवळं साधारण १२-१२:३० ला बंद होतात ती ४ वाजेपर्यंत, आणि हे लोक चेन्नईहून नाश्ता-बिश्ता करून ११ ला पोचतात. तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. चेन्नईहून ते ७५ किमीवर आहे, पण आपण मुळात चेन्नईत उतरायचंच कशाला? कल्याणला जाऊन अरक्कोणमला थांबणारी चेन्नईची गाडी पकडा, तिथून कांचीपुरम लोकलने किंवा बसने जवळच आहे.

सकाळी पहिल्यांदा कैलासनाथर. ८व्या शतकाच्या सुरुवातीचं पल्लवांचं देऊळ, राजसिंह राजाने बांधलेलं, वालुकाश्माचं. आपल्याला काळारामाच्या काळ्या दगडाची सवय, त्यामुळे हा पिवळसर, पावसाने झिजलेला दगड बघून आधी जरा विचित्रच वाटतं. आवाराच्या भिंतीला लागून ५८ छोट्या देवळ्या आहेत, घाई न करता एकेकीत वाकून बघा, काहींच्या आत जुन्या रंगाचे तुकडे अजून टिकून आहेत. गाभाऱ्याभोवती एक अरुंद प्रदक्षिणा आहे, रांगत आत शिरायचं आणि रांगतच बाहेर यायचं, आमची मावशी निम्म्यातून परत फिरली, गुडघेवाल्यांनी नाद करू नये. गर्दी फार नसते, त्र्यंबकच्या रांगेत घाम गाळलेल्या माणसाला तर हा स्वर्गच.

मग एकांबरेश्वर, त्याचं राजगोपुर १५०९ मध्ये कृष्णदेवरायाने बांधलेलं. पंचमहाभूतांपैकी पृथ्वीचं लिंग इथलं, मातीचं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक नाही. वेळ उरला तर कामाक्षी. वरदराज पेरुमाळ हे विष्णूचं देऊळ मात्र संध्याकाळसाठी ठेवा, तिथल्या मंडपाच्या कोपऱ्यांत एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या आहेत, आणि मंदिराच्या तळ्यात उंबराच्या लाकडाचा देव ठेवलाय जो ४० वर्षांनी एकदा वर काढतात. २०१९ ला काढला होता, ४८ दिवस दर्शन होतं. आपल्याला सिंहस्थासाठी १२ वर्षं थांबायचा कंटाळा येतो!

आता देवळं बंद असतात तेवढ्या वेळात साडी. सकाळी खांब, मोर, याळी (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) नीट बघितले असतील तर साडीवर तेच ओळखू येतात, काठावरचे त्रिकोणी दात म्हणजे गोपुरं. साडी विणकरांच्या सोसायटीत घ्यायची, पण रिक्षावाल्याला "सोसायटीत ने" एवढंच म्हणू नका. आम्ही म्हणलो आणि त्याने जिथं नेलं तिथं पाटीवर सोसायटी, आत सगळा खाजगी मामला, भाव वहिनीने अर्ध्यावर आणला तरी विकणारी बाई हसतमुखच, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. विणकरांच्या सहकारी सोसायट्या गांधी रोडवर आहेत, आधी नाव शोधून ठेवा आणि तेच सांगा.

दुकानात पदर बघायच्या आधी साडी उलटी करा. येवल्याची पैठणी बघून बघून आपले डोळे बिघडलेत, तिथं पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो म्हणून आपण इथं पण तेच शोधतो. कांजीवरमचं, म्हणजे इथल्या साडीचं, तसं नाही, मागे धागे दिसणारच. तिची खरी गंमत जोडात. अंग आणि काठ वेगळ्या रंगाचे असले की दोन्हीचे बाण्याचे (आडवे) धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्याला कोरवै म्हणतात, हातमागावर त्यासाठी दोन माणसं आणि तीन धोटे (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारे) लागतात. म्हणून जोडाची रेघ जवळून बघितली की जराशी दातेरी दिसते. पदराचा रंग वेगळा असेल तर तोही जोडलेलाच असतो, पण ताण्याच्या (उभ्या) धाग्यांनी, त्याला पेटनी म्हणतात.

जरीचं वेगळं. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदी आणि वर सोन्याचा मुलामा, कडेचा एक धागा नखाने खरवडला की आत लाल रेशीम दिसतं. पांढरं निघालं तर भाव करायच्या भानगडीत न पडता उठा. हाफफाइन, म्हणजे तांब्याच्या तारेच्या स्वस्त जरीची साडी घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त पैसे हाफफाइनचेच द्या, आणि पावतीवर जरीचा प्रकार लिहूनच घ्या. सिल्क मार्कचा टॅग रेशमाची खात्री देतो, जरीची नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

घरात कुणी नऊवारी नेसत असेल तर "ओन्बदु गजम" विचारा, म्हणजे नऊ गज, तमिळ ब्राह्मण बायका मडिसार (त्यांची नऊवारी नेसायची पद्धत) नेसतात त्या साड्या. आईला मी अशीच एक आणली, विटकरी, मोरपंखी काठाची, आणि पंचवटीत ती नेसून गेली तर दोघीतिघींनी थांबवून विचारलं येवल्यात कुठून घेतली.